सॉरॉनची अंगठी गुजरीत मोडीला आली तर? (शास्त्रार्थ आणि थट्टा, दोन्ही चालेल)

शाहूपुरीचा_हॉबिट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवर निघालेला प्रत्येक धागा फिरून फिरून शेवटी गरुडांपाशी येतो आणि तिथेच मरतो, म्हणून या धाग्यावर गरुडांना प्रवेश नाही. त्यांनी अंगठी नष्ट करायला निघालेल्या हॉबिट फ्रोडोला उचलून थेट खलनायक सॉरॉनच्या मॉर्डोरला का नेले नाही, हा प्रश्न विचारणाऱ्या सभासदाने उपस्थित सर्वांना मिसळ खाऊ घालावी आणि कट मागेल तितका द्यावा, असा दंड आधीच जाहीर करतो.

आता मूळ विषय. सॉरॉनची ती एक अंगठी हातोहाती फिरत कोल्हापुरात पोहोचली आणि कुणीतरी ती गुजरीतल्या, म्हणजे इथल्या सराफ गल्लीतल्या, एखाद्या पेढीवर मोडीला घातली, तर पुढे काय होईल? अंगठीचे नियम पुस्तकातले राहतील, बाकी सगळे कोल्हापूरचे. चित्रपटातला पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही.

गुजरीतला_कारागीर

धागाकर्ते, प्रश्न आमच्या गल्लीचा असल्यामुळे पहिला मान आमचा. मोडीचा दागिना आला की आम्ही आधी वजन करतो आणि मग भिंगाखाली हॉलमार्क पाहतो. १ एप्रिल २०२३ पासून दागिना विकताना त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असावाच लागतो, पण गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्याला ते बंधन नाही, त्यामुळे सॉरॉनच्या अंगठीवर शिक्का नसणे हा काही अडथळा ठरत नाही. खरी अडचण पुढे आहे. जुने सोने आले की ते कसोटीच्या काळ्या दगडावर घासून रेघ काढायची आणि रेघेवरून कस ठरवायचा, ही पद्धत आहे. परंतु जादूगार गॅन्डाल्फ फ्रोडोला स्पष्ट सांगतो की या अंगठीवर मोठा घण घातला तरी तिला साधा पोचा पडणार नाही. जिला घणाने पोचा पडत नाही, ती दगडावर रेघ कुठून सोडणार? म्हणजे मध्य-पृथ्वीतले सर्वांत अस्सल सोने आमच्याकडे 'खोटे आहे, घेऊन जा' म्हणून परत जाईल.

एखाद्या हट्टी कारागिराने तरीही ती मुशीत टाकलीच, तर त्याची रात्र वाया जाईल. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, ही मात्र वितळणे सोडाच, साधी तापणारही नाही. बॅग एन्डमध्ये, म्हणजे फ्रोडोच्या घरी, गॅन्डाल्फने ती शेकोटीत टाकली, चिमट्याने बाहेर काढली आणि लगेच हातात धरली, तेव्हा ती गार होती. आटणीत घट शून्य, असे सोने आमच्या धंद्यात कुणी पाहिलेले नाही. शिवाय बनवताना सॉरॉनने स्वतःची बरीचशी शक्ती तिच्यात ओतली होती, ती मजुरीत धरायची की वजनात, यावरून पेढीवर जे भांडण होईल ते वेगळेच.

साज_आणि_बाज

कारागीर दादा, हिशेबाचे एक विचारते. एल्फांच्या तीन, ड्वार्फांच्या सात, माणसांच्या नऊ आणि सॉरॉनची एक, अशा एकूण वीस अंगठ्या होतात. आपल्या कोल्हापुरी साजाला परंपरेने एकवीस पाने: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरले. सगळ्या अंगठ्या आटवून साज करायचा म्हटले तरी एक पान कमीच पडते. सॉरॉनने गुजरीत चौकशी केली असती तर त्याला एकविसावी घडवायला लागली असती आणि ती त्याच्या बायकोच्या नावावर गेली असती.

गुजरीतला_कारागीर

ताई, ड्वार्फांच्या सातांपैकी चार ड्रॅगनांनी गिळंकृत केल्या आणि तीन सॉरॉनने परत मिळवल्या, हे विसरू नका. ड्रॅगनच्या पोटातले सोने मोडीत घेण्याची आमची तयारी नाही.

करवीर_वकील

सोन्याचा कस नंतर पाहू. त्याआधी अंगठी विकण्याचा हक्क कुणाला आहे हे ठरले पाहिजे, कारण मालकी सिद्ध न होता पेढीने माल घेतला तर पेढीवालाच अडकेल.

मालकीची साखळी फार किडकी आहे. राजा इसिल्दुरने ती सॉरॉनच्या हातावरून कापून घेतली आणि 'माझ्या वडिलांच्या व भावाच्या मृत्यूची भरपाई' म्हणून ठेवली. एल्रॉन्ड आणि किर्दान या दोघा एल्फ सरदारांनी ती तिथल्या तिथे नष्ट करावी असा सल्ला दिला होता, तो त्याने ऐकला नाही. पुढे तिसऱ्या युगाच्या दुसऱ्याच वर्षी अंगठी नदीत त्याच्या बोटावरून निसटली, तो बाणांनी मारला गेला आणि ती सुमारे २४६० वर्षे गाळात पडून राहिली. मग डीगलला ती सापडली आणि स्मीगलने (हाच पुढे गॉलम झाला) त्याचा गळा दाबून ती घेतली. ज्याने खून करून वस्तू मिळवली त्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही, एवढे तर कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. सबब गॉलमने ४७८ वर्षे उपभोग घेतला असला तरी मालकी त्याची होत नाही.

आता बिल्बोकडे येऊ, म्हणजे ज्याच्याकडून ती पुढे फ्रोडोला मिळाली त्या हॉबिटाकडे. त्याला ती बोगद्याच्या जमिनीवर अंधारात हाताला लागली. कुणी म्हणेल की हे गुप्तधन आहे आणि १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मी हा युक्तिवाद ग्राह्य धरत नाही. अंगठी कुणी पुरून ठेवलेली नव्हती, ती थोड्याच वेळापूर्वी हरवलेली होती. म्हणून लागू होते ते भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील कलम ७१, ज्यानुसार दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो त्याच्यावर निक्षेपग्राहीइतकीच, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्याइतकीच, जबाबदारी येते. बिल्बोने साठ वर्षे सांभाळ उत्तम केला, परंतु मालकाचा शोध घेण्याचा कोणताही प्रयत्न केला नाही. मालकाने मात्र नंतर शोध घेतला आणि त्यासाठी नऊ घोडेस्वार पाठवले.

फ्रोडोला मिळाले ते बक्षीस. जंगम मालमत्तेचे बक्षीस ताबा दिल्याने पूर्ण होते, तिथे नोंदणीची गरज नाही. मात्र जे देणाऱ्याचेच नाही ते घेणाऱ्याचे कसे होणार? थोडक्यात, माझ्या मते कायदेशीर मालक आजही सॉरॉनच आहे, आणि त्याचे वकीलपत्र मी घेणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, तेव्हा त्याला मुंबईला हेलपाटे घालावे लागणार नाहीत, एवढेच आश्वासन देतो.

जुनी_आवृत्ती

वकीलसाहेब, बिल्बोची साक्षच मुळात दोनदा नोंदली गेली आहे, हे आपण न्यायालयापासून लपवून ठेवत आहात. 'द हॉबिट' १९३७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात गॉलमने कोड्यांच्या पैजेत हरल्यास अंगठी भेट देण्याचे कबूल केले होते. तो हरतो, अंगठी आणायला बेटावर जातो, ती सापडत नाही म्हणून खरोखर ओशाळतो, पुन्हा पुन्हा क्षमा मागतो आणि भेटीऐवजी बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. अंगठी तोपर्यंत बिल्बोच्या खिशात पोहोचलेली असते आणि तो अवाक्षर काढत नाही. दोघे चक्क निरोप घेऊन वेगळे होतात. पुढची मोठी कथा लिहिताना टॉल्किनच्या ध्यानात आले की ज्या अंगठीने माणसाचा आत्मा पोखरला जातो ती कुणी पैजेवर लावणार नाही. म्हणून १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले आणि गॉलम शिव्याशाप देत मागे लागतो असे झाले.

आता गंमत पहा. जुनी आवृत्ती ज्यांच्या घरी होती त्यांचे काय करायचे? टॉल्किनने तो प्रश्न असा सोडवला की जुना मजकूर म्हणजे बिल्बोने सुरुवातीला सोबत्यांना सांगितलेली खोटी हकीकत होय. लेखकाने स्वतः केलेला बदल पात्राच्या खोटेपणाच्या खात्यावर टाकला, आणि तो खोटेपणा हाच अंगठीच्या दुष्प्रभावाचा पहिला पुरावा ठरवला. नाकासमोर चालणारा हॉबिट अंगठी मिळताच खोटे बोलू लागला, याचाच तर गॅन्डाल्फला संशय आला. इतकी सफाईदार सारवासारव मी अन्य कोणत्याही साहित्यात पाहिलेली नाही.

करवीर_वकील

हरकत. पैजेतला शेवटचा प्रश्न 'माझ्या खिशात काय आहे?' हा मुळात कोडे नव्हताच, तेव्हा पैज दोन्ही आवृत्त्यांत अवैध ठरते.

जुनी_आवृत्ती

हरकत फेटाळण्यात यावी. गॉलमने प्रश्नाला आक्षेप घेऊन शेवटी तीन संधी मागून घेतल्या, म्हणजे प्रश्न मान्य केला. आणि तिसऱ्या संधीत 'दोरी, नाहीतर काहीच नाही' अशी दोन उत्तरे एकदम दिली, त्यावर आपण सोयीस्कर मौन पाळता.

नवीन_सभासद_कसबा_बावडा

सर्वांना नमस्कार. धागा फारच आवडला. मला एक शंका आहे की त्यांनी गरुडांवर बसून

शाहूपुरीचा_हॉबिट

पूर्ण करू नका, तेवढ्यानेही दंड लागू झाला. आपल्यासाठी एवढेच सांगतो की टॉल्किनने एका पत्रात गरुडांना धोकादायक 'यंत्र' म्हटले आहे आणि आपण त्यांचा वापर हात राखून केला असे लिहिले आहे. मिसळ कुठली हे आपण ठरवा.

तालमीतला_गॅन्डाल्फ

मंडळी, कायदा आणि आवृत्त्या राहू द्या, मला एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर हवे आहे. एखाद्या पैलवानाने घालणाऱ्याला अदृश्य करणारी ही अंगठी घालून खासबागेत कुस्ती धरली तर निकाल कसा लावायचा? शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात हौद्याभोवती बसलेल्या प्रत्येकाला पाठ मातीला लागलेली दिसते, म्हणून तर पंचाच्या निर्णयावर मैदान बोलते. दिसेनाशा पैलवानाची पाठ लागली की नाही हे कोण सांगणार?

माझे म्हणणे असे की अंगठीचा तिथे फारसा उपयोग होणार नाही, आणि याला पुस्तकाचा आधार आहे. अंगठी घातली तरी भर उन्हात अंधुक सावली पडते. गॉब्लिनांच्या दारातून निसटताना बिल्बो याच कारणाने जवळजवळ सापडला होता आणि फटीतून अंग काढताना त्याच्या बंडीची पितळी बटणे तुटून पायरीवर उडाली होती. आपली मैदाने दुपारी भरतात, म्हणजे सावलीचा प्रश्न मिटला. दुसरे म्हणजे हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून मुरवलेली असते. तिच्यात पायाचा अंगठा रुतला की ठसा उमटतो आणि घामेजल्या अंगाला ती चिकटते. आता अंगाला चिकटलेली माती अदृश्य होते की हवेत पैलवानाच्या आकाराची माती फिरताना दिसते, हा शास्त्रार्थाचा मुद्दा आहे. माझ्या मते समोरचा वस्ताद असेल तर तो डोळे मिटूनही पट काढील, कारण कुस्ती पकडीवर चालते, नजरेवर नव्हे.

गुजरीतला_कारागीर

अंगठी घालून हौद्यात उतरायचेच नाही, असा प्रत्येक तालमीचा नियम आहे. बोटे मोडतात.

तालमीतला_गॅन्डाल्फ

दादा, या अंगठीच्या बाबतीत बोट मोडत नाही, पूर्णच जाते. सॉरॉन आणि फ्रोडो, दोघेही नऊ बोटांवर आले.

पंचगंगा_४३_फूट

विकण्यापेक्षा टाकून देणे सोपे नाही का, असा विचार काही सभासद करत असतील, म्हणून पाण्याचा मार्ग आधीच बंद करतो. एल्रॉन्डच्या सभेत अंगठी समुद्रात टाकावी अशी सूचना आली होती. गॅन्डाल्फने ती नाकारली, कारण खोल पाण्यात नाना जीव असतात आणि जिथे आज समुद्र आहे तिथे उद्या जमीन होऊ शकते. समुद्राची ही कथा, तर रंकाळ्याचे काय? कधीतरी गाळ काढण्याचे काम निघेल आणि अंगठी डंपरमधून कुणाच्या तरी उसाच्या शेतात जाऊन पडेल.

पंचगंगेचा तर विचारच करू नका. या अंगठीला मालकाकडे परत जायचे असते आणि त्यासाठी ती बोटावरून आपणहून निसटते. इसिल्दुरला तिने नदीतच दगा दिला. अशा वस्तूला दर पावसाळ्यात धोक्याची पातळी गाठू पाहणारी नदी म्हणजे फुकटचे वाहन झाले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेले की ती शिवारात पसरणार, आणि २०१९ किंवा २०२१ सारखे वर्ष असेल तर शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक सुरू होण्याची वाट पाहत बसणार.

बेसाल्ट_आणि_मी

पाणी नको असेल तर आग घ्या. पन्हाळा ज्या दगडावर उभा आहे तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. असा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंशांवर वाहतो, म्हणजे साधे सोने त्यात विरघळून गेले असते. परंतु अंगठीचा प्रश्न अंशांचा नाही. गॅन्डाल्फच्या मते पुरातन काळचा सर्वांत मोठा ड्रॅगन, काळा अँकालागॉन, त्याच्या आगीनेही हिला काही झाले नसते. ती मॉर्डोरमधल्या ओरोड्रुइन या ज्वालामुखीच्या ज्या अग्नीत घडली त्याच अग्नीत मोडणार. त्यामुळे पन्हाळ्यावर वेळेत पोहोचलो असतो तरी काम झाले नसते. आपण कोट्यवधी वर्षे उशिरा आलो, याचे वाईट वाटून घेऊ नये.

ऊसवाला_सॅम

आतापर्यंत सगळ्यांनी अंगठीचे काय करायचे ते सांगितले. अंगठी आपले काय करील, हे कुणीच सांगितले नाही, आणि माझ्या मते धाग्याचा खरा रस तिथे आहे.

अंगठी प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे शक्ती देते आणि त्याच्या मनातलेच स्वप्न मोठे करून दाखवते. फ्रोडोचा माळी आणि सोबती सॅम गॅमजी मॉर्डोरच्या वेशीवर उभा असताना तिने त्याला काय दाखवले? धगधगती तलवार हाती घेतलेला 'महाबली सॅम', त्याच्यामागे चालणारे सैन्य आणि त्याच्या एका हुकुमाने फुलबाग झालेली गॉरगॉरॉथची ओसाड दरी. माळ्याला तिने बागेचेच आमिष दाखवले. आणि तो वाचला तो तत्त्वज्ञानाने नव्हे: फ्रोडोवरच्या मायेने आणि आपल्याला एक लहानशी, स्वतःच्या हाताने राखता येईल एवढीच बाग पुरे, या साध्या समजुतीने.

हाच नियम आपल्या जिल्ह्याला लावून पहा. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला ती साऱ्या खोऱ्याच्या गाळपावर एकट्याचे नाव दाखवील आणि तो 'जनतेच्या आग्रहास्तव' ती बोटात घालील. मिसळवाल्याला ती अशी चव दाखवील की पुण्या-नाशिकची मंडळी शरण येऊन कट मागतील. माझ्यासारख्या ऊसवाल्याला ती एकरकमी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, आणि दिवाळीनंतर लगेच दारात उभी असलेली तोडणी टोळी दाखवील. पहिल्या आमिषाला मी कदाचित बळी पडेन. दुसरे ऐकताच मला कळेल की ही अंगठी खोटे बोलते, कारण ऑर्कांची अख्खी फौज हलवणे तिला जमते, पण टोळी ठरल्या तारखेला आणणे तिच्या कर्त्यालाही जमायचे नाही.

साज_आणि_बाज

सॅम भाऊ, प्रतिसाद फार आवडला. एल्फांच्या गॅलाड्रिएलच्या बाबतीतही हेच घडते. फ्रोडो अंगठी देऊ करतो तेव्हा आपण काय होऊ हे तिला लख्ख दिसते, ती ते बोलूनही दाखवते, आणि मग नकार देते. मला तो नकार सॅमच्या नकाराहून अवघड वाटतो. सॅमला स्वप्न ओझे वाटले, तिला ते हवे होते.

ऊसवाला_सॅम

मान्य आहे ताई, पण सॅमने ती अंगठी प्रत्यक्ष गळ्यात बाळगली होती आणि मागताच परत केली. हातची सोडणे आणि समोरची नाकारणे, यांत मी पहिल्याला जास्त गुण देईन. बिल्बोलाही ती सोडता आली, पण गॅन्डाल्फने दटावल्यावर, आणि तेव्हासुद्धा पाकीट घड्याळाशेजारी ठेवताना त्याचा हात मागे आला.

शाहूपुरीचा_हॉबिट

मग आता असा माणूस शोधा की ज्याच्याकडे ती निर्धास्त ठेवता येईल. पुस्तकातल्या रानात राहणाऱ्या गूढ टॉम बॉम्बॅडिलवर तिचा काडीचा परिणाम झाला नाही. त्याने ती करंगळीत घातली तरी तो दिसतच राहिला, उलट त्याने हवेत उडवून अंगठीच दिसेनाशी केली आणि हसत फ्रोडोला परत दिली. कोल्हापुरात असा कोण आहे?

साज_आणि_बाज

माझ्या सासूबाई. त्यांना दाखवली तर त्या आधी म्हणतील, 'एवढ्या पैशात नक्षी नाही, खडा नाही, कुणी घेतली ही?' आणि मग ती सुटी बटणे, सेफ्टी पिना आणि कुलुपाशिवायच्या किल्ल्या ठेवलेल्या डब्यात टाकतील.

जुनी_आवृत्ती

वहिनी, नेमका हाच धोका सभेत सांगितला गेला होता. बॉम्बॅडिलला अंगठी दिली तर तो लवकरच ती विसरेल किंवा फेकूनही देईल, कारण अशा गोष्टी त्याच्या मनात टिकत नाहीत, म्हणून तो सर्वांत असुरक्षित रक्षक ठरेल, असे गॅन्डाल्फचे मत पडले.

साज_आणि_बाज

आमच्या घरी त्या डब्यातली वस्तू गरजेच्या वेळी आजवर कुणालाही सापडलेली नाही. नऊ घोडेस्वारांनी येऊन शोधावी, मी चहा ठेवते.

तालमीतला_गॅन्डाल्फ

अवांतर नाही, विषयाला धरूनच विचारतो. हॉबिट लोक स्वतःच्या वाढदिवसाला दुसऱ्यांना भेटी देतात, असे बिल्बोच्या एकशेअकराव्या वाढदिवसाच्या वर्णनात आहे. मग गॉलम त्या अंगठीला 'माझ्या वाढदिवसाची भेट' कसे म्हणतो? त्याच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी द्यायला तोच लागत होता.

जुनी_आवृत्ती

उत्तम प्रश्न. हीच विसंगती एका वाचकाने टॉल्किनला पत्राने दाखवली होती आणि त्यावर त्याने हॉबिटांच्या वाढदिवसाच्या रीतिरिवाजांवर पानेच्या पाने भरून उत्तर लिहिले. वाढदिवस असलेला माणूस भेट देतो ही रीत खरीच, पण जवळच्या नातलगांनी त्याला भेट देण्याची जुनी चालही होती, आणि डीगल हा स्मीगलचा नातलग होता, असा त्याचा खुलासा आहे. करवीर_वकील यांनी हे वाचून अपील करू नये, कारण भेट मागणे आणि गळा दाबणे यांतला फरक त्या पत्रातही कायम आहे.

करवीर_वकील

अपील करत नाही. मात्र एक निवेदन करतो. बिल्बो आणि फ्रोडो या दोघांचाही वाढदिवस २२ सप्टेंबर, आणि योगायोगाने माझाही त्याच दिवशी येतो.

तालमीतला_गॅन्डाल्फ

म्हणजे हॉबिटांच्या रीतीने त्या दिवशी भेट आपण द्यायची. तांबडा-पांढरा, वाट्या मोजायच्या नाहीत.

करवीर_वकील

हॉबिटांच्या रीतीला भारतात कायद्याचे बळ नाही.

गुजरीतला_कारागीर

कोल्हापूरच्या रीतीला आहे, वकीलसाहेब. जागा तेवढी सांगा.